हिवाळ्यात मंदावणारे पेपर मशीन आणि स्टीम बॉक्स : नागपूरजवळच्या एका मिलमधला अनुभव

आमच्या मिलमध्ये जुन्या खोक्यांच्या रद्दीपासून क्राफ्ट कागद तयार होतो आणि तो मुख्यतः नागपूर परिसरातील खोकी बनवणाऱ्या कारखान्यांकडे जातो. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चालते, खोक्यांची मागणी तेव्हाच वाढते आणि आमचे मशीन नेमके तेव्हाच मंदावते. १४० जीएसएमचा (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा) जो कागद मे महिन्यात मिनिटाला १८० मीटरच्या आसपास सहज निघतो, तोच डिसेंबरात त्या वेगाने घेतला तर रीलवर (मशीनच्या शेवटी कागद गुंडाळला जातो तेथे) ओला येतो, आणि मशीनमनला वेग १६० पर्यंत खाली आणावा लागतो. हे हिवाळ्याचे दुखणे आहे असे म्हणून सगळ्यांनी ते वर्षानुवर्षे चालवून घेतले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मागणी असूनही माल देता येईना, तेव्हा मालकांनी ड्रायरचे (वाफेने तापून कागद सुकवणारे) सिलिंडर वाढवण्याचा विषय काढला, आणि त्या चर्चेतून आम्ही प्रेस पार्टवर, म्हणजे रोलांमध्ये दाबून ओल्या कागदातले पाणी काढणाऱ्या भागावर, स्टीम बॉक्स म्हणजे कागदावर वाफ सोडून तो गरम करणारी पेटी बसवण्यापर्यंत पोहोचलो. विचार सुरू झाल्यापासून बॉक्स सुरळीत चालेपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. लहान आणि मध्यम मिलमधील ज्या सहकाऱ्यांना हेच काम करायचे आहे, त्यांना पुढे काय काय वाढून ठेवले आहे याची कल्पना यावी, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

आधी कारण सांगतो, कारण ते नीट समजल्याशिवाय खर्चाचा निर्णय घेता येत नाही. वायर पार्टवर (जेथे जाळीवर लगद्याचा ओला पट्टा म्हणजे शीट तयार होते) आणि प्रेसमध्ये पाणी निघते ते दाबाने आणि व्हॅक्यूमने, आणि ते किती सहज निघेल हे बऱ्याच अंशी पाण्याच्या चिकटपणावर म्हणजे व्हिस्कॉसिटीवर अवलंबून असते. २० अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी सुमारे १ सेंटिपॉइज असते, ४० अंशांना ती ०.६५ च्या आसपास येते आणि ६० अंशांना ०.४७ पर्यंत उतरते. म्हणजे तापमान वीसवरून साठवर नेले की तेच पाणी निम्म्याहून कमी विरोधाने तंतूंमधून बाहेर पडते. जोडीला पृष्ठताण थोडा कमी होतो आणि तंतूही मऊ पडून प्रेसखाली अधिक दबतात. कागद व्यवसायात एक ढोबळ नियम सांगितला जातो : शीटचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की प्रेसनंतरचा कोरडेपणा (शीटच्या वजनातला कोरड्या तंतूचा वाटा) सुमारे एक टक्क्याने वाढतो, आणि कोरडेपणा एक टक्क्याने वाढला की ड्रायरवरचा भार सुमारे चार टक्क्यांनी उतरतो. नागपूरची थंडी आणि नागपूरचा उन्हाळा यांत आमच्या पाण्याच्या तापमानात जो फरक पडतो तो पाहता, हिवाळ्यात मशीन का रडते याचे उत्तर ड्रायरपेक्षा प्रेसमध्ये शोधायला हवे, हे उघड होते.

हे उत्तर मी शिफ्टच्या बैठकीत मांडले तेव्हा आमच्या जुन्या फोरमनभाऊंनी विचारले, "साहेब, आपण पाणी काढाले बसलो हाओत, अन् तुमी त्याच्यावर अखीन वाफेचं पाणी सोडता का जी?" प्रश्न अगदी रास्त होता. वाफ शीटवर थंड होते तेव्हा तिचे पाणीच होते आणि ते शीटमध्येच राहते. त्यामुळे मी त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडला, तो येथे देतो.

एक टन कोरडा तंतू धरा. दुसऱ्या प्रेसपाशी शीट ३० टक्के कोरडी असेल तर तिच्यात सुमारे २,३३० किलो पाणी असते. हे पाणी आणि तंतू मिळून २५ अंशांनी गरम करायचे तर सुमारे १२० किलो वाफ लागते, कारण एक किलो वाफ पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे आपण १२० किलो पाणी वाढवले. आता शेवटच्या प्रेसनंतरचा कोरडेपणा ४१ वरून ४३.५ टक्क्यांवर गेला असे धरा. ४१ टक्क्यांना शीटमध्ये १,४३९ किलो पाणी असते आणि ४३.५ टक्क्यांना १,२९९ किलो. म्हणजे वाढवलेले १२० किलो तर प्रेसने काढलेच, वर आणखी १४० किलो काढले. ड्रायरमध्ये एक किलो पाणी उडवायला साधारण १.३ किलो वाफ लागते असे धरले, तर तेथे सुमारे १८० किलो वाफ वाचली. फोरमनभाऊंनी आकडे दोनदा पाहिले आणि मग म्हणाले की १२० घालून १८० वाचवायचे, तर त्यात फार काही उरत नाही.

ते बरोबर बोलत होते. स्टीम बॉक्सविषयी बोलताना पुरवठादार वाफेच्या बचतीवर भर देतात, पण बॉक्समध्ये काही वाफ वाया जातेच, ती धरली की निव्वळ बचत तोकडी राहते. खरा लाभ आहे तो ड्रायरला उडवावे लागणारे पाणी कमी होते यात. वरच्या उदाहरणात उडवायचे पाणी सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि ज्या मशीनचा वेग ड्रायरमुळे अडलेला आहे त्याला जवळपास तेवढाच वेग वाढवता येतो. तुमचे मशीन रद्दीच्या पुरवठ्यामुळे, वायरवरच्या निचऱ्यामुळे किंवा ड्राइव्हच्या मोटरमुळे अडलेले असेल, तर स्टीम बॉक्सवर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे मशीन हिवाळ्यात ड्रायरमुळेच अडत होते, हे रीलवरच्या ओलाव्यावरून आणि पूर्ण उघडलेल्या स्टीम व्हॉल्व्हवरून दिसतच होते.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही मोजमापाला लागलो. प्रेसनंतरचा कोरडेपणा मोजण्याची आमची पद्धत साधी होती. शटडाउन घेताना किंवा ब्रेक झाल्यावर (शीट तुटल्यावर) लगेच शेवटच्या प्रेसनंतरच्या शीटचा तुकडा डाव्या कडेने, मधून आणि उजव्या कडेने घ्यायचा, आधीच वजन करून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तत्क्षणी बंद करायचा, प्रयोगशाळेत ओला तोलायचा आणि मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून पुन्हा तोलायचा. पिशवी बंद करायला मिनिटभर उशीर झाला तरी आकडा फसवा येतो. शीटचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतले. पहाटेच्या शिफ्टला दुसऱ्या प्रेसपाशी ते ३० ते ३२ अंश भरत असे. हेच आकडे मे महिन्यात पुन्हा घेतले तेव्हा ते ४२ ते ४५ अंश होते, आणि कोरडेपणातला फरक वरच्या ढोबळ नियमाशी बऱ्यापैकी जुळला. मोजमाप थंडीत आणि उन्हाळ्यात अशा दोन्ही ऋतूंत करून ठेवावे, कारण पुढे बॉक्स बसल्यावर सुधारणा झाली की ऋतू बदलला, हा वाद हमखास होतो.

दरम्यान एका सहकाऱ्याने सुचवले की बॅकवॉटरच्या (वायरखाली निथळून पुन्हा वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या) पिटमध्येच थेट वाफ सोडावी. पुष्कळ मिलमध्ये ते करतातही. त्यासाठी पाइपचा एक तुकडा पुरतो आणि खर्च जवळजवळ नाही. पण तेथे तापवावे लागणारे पाणी शीटमधल्या पाण्याच्या कितीतरी पट असते, आणि त्यातले जे पाणी गटारात किंवा प्रक्रिया केंद्रात जाते ते आपली उष्णता घेऊनच जाते. आम्ही तो प्रयोग काही दिवस करून पाहिला. पिटचे तापमान वाढले, पण बॉयलरला कोळसा इतका लागू लागला की मालकांनी स्वतःच तो बंद करायला सांगितला.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ कोटेशन आणि पाहणीत गेला. बॉक्सचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात संपूर्ण रुंदीला सारखी वाफ मिळते. दुसऱ्यात रुंदीचे अनेक छोटे कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, आणि रीलवरच्या स्कॅनरकडून येणाऱ्या ओलाव्याच्या नोंदीनुसार ते आपोआप कमीजास्त होतात. दुसरा प्रकार उत्तम आहे, पण आमच्याकडे स्कॅनरच नाही, आणि किंमत कितीतरी जास्त. आम्ही पहिला प्रकार घेतला, फक्त रुंदीचे तीन भाग करून प्रत्येकाला हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह मागून घेतला. या तीन व्हॉल्व्हचा पुढे अपेक्षेपेक्षा जास्त उपयोग झाला. बॉक्स, पाइप, व्हॉल्व्ह, उचलण्याची यंत्रणा, इन्सुलेशन आणि उभारणी मिळून खर्चाचा अंदाज सुमारे २४ लाख रुपये निघाला आणि शेवटी तो दोन-अडीच लाखांनी वाढला. प्रत्यक्ष बॉक्सची किंमत यात निम्म्याहून कमी होती. कोटेशन वाचताना ही गोष्ट लक्षात राहत नाही. जीएसटी वेगळा भरावा लागतो आणि त्याचे क्रेडिट नंतर मिळते, त्यामुळे तेवढी रक्कम काही काळ अडकून पडते, हेही मालकांना आधीच सांगून ठेवावे.

बॉक्स कोठे बसवायचा यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. वायरच्या शेवटी, सक्शन बॉक्सवर बसवला तर पुढच्या सगळ्या प्रेसना गरम शीट मिळते, पण तेथे शीटमध्ये पाणी फार असल्याने वाफही फार लागते. शेवटच्या प्रेसपाशी वाफ कमी लागते, पण आमच्याकडे तेथे सक्शन रोल (आतून व्हॅक्यूमने ओढणारा छिद्रांचा रोल) नाही. खालून व्हॅक्यूमची ओढ नसेल तर वाफ शीटच्या वरच्या थरालाच गरम करते. जाड कागदात ती आतपर्यंत पोहोचत नाही आणि उरलेली हवेत उडून सगळीकडे धुके करते. म्हणून सक्शन रोल असलेला दुसरा प्रेस ठरला. शीट फेल्टवर (पाणी शोषणाऱ्या जाड कापडी पट्ट्यावर) बसून सक्शन रोलला वळसा घालते, त्या वळशावर बॉक्स वक्र आकारात बसतो, आणि शीट गरम होताच क्षणात निपमध्ये (दोन रोल एकमेकांवर दाबतात त्या जागी) जाते. गरम होणे आणि दाबले जाणे यांत अंतर जितके कमी तितके बरे. बॉक्सचा चेहरा आणि शीट यांच्यात १५ ते २० मिलिमीटर अंतर ठेवायचे ठरले.

मे २०२३ मध्ये ऑर्डर दिली आणि आगाऊ रक्कम भरली. तीन महिन्यांत माल मिळेल असे पुरवठादाराने लिहून दिले होते, पण प्रत्यक्षात ऑक्टोबर उजाडला. या विलंबाने आमचे नुकसान झाले नाही, कारण तोवर कागदपत्रांचे काम पुरे व्हायचे होते.

कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याविषयी कोणी आधी सांगत नाही. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय बॉयलर कायदा, १९२३ नुसार ज्या पाइपमधील वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोपेक्षा जास्त असतो, तो 'स्टीम पाइप' ठरतो, आणि त्यात फेरफार किंवा भर घालण्यापूर्वी कलम १३ प्रमाणे मुख्य निरीक्षकांना लेखी कळवावे लागते. स्टीम बॉक्सला वाफ लागते ती अगदी कमी दाबाची, त्यामुळे ड्रायरच्या हेडरवरून (ड्रायरना वाफ वाटणाऱ्या मोठ्या पाइपवरून) जोड घेतला असता तर हा प्रश्न बहुधा आला नसता. पण आमच्या ड्रायर हेडरचा दाब जीएसएमप्रमाणे आणि ब्रेकप्रमाणे सतत खालीवर होतो, आणि बॉक्सला तर स्थिर दाब हवा. म्हणून आम्ही बॉयलरकडून येणाऱ्या १० किलो दाबाच्या मुख्य लाइनवरून जोड घेतला आणि पुढे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवला. त्या व्हॉल्व्हपर्यंतचा भाग कायद्याच्या कक्षेत आला.

त्यासाठी पाइपलाइनचा नकाशा, पाइपच्या जाडीचा हिशेब, पाइपची फॉर्म ३-ए प्रमाणपत्रे, व्हॉल्व्ह आणि फिटिंगची फॉर्म ३-सी प्रमाणपत्रे, आणि आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) प्रमाणित वेल्डरचे कागद एवढे जमवावे लागले. अर्ज जुलैमध्ये गेला. शुल्क ऑनलाइन भरले आणि चलनाची प्रत अर्जाला जोडली. येथे एक सूचना : पाइप खरेदी करताना दुकानदार प्रमाणपत्राची प्रत लगेच देतो, पण पाइपवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) आणि प्रमाणपत्रावरचा हीट नंबर एकच आहे का, हे माल गाडीत चढण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहावे. आमच्या एका खेपेत दोन पाइपांचे नंबर जुळेनात. दुकानदार म्हणत होता की माल तोच आहे, नुसती कागदाची अदलाबदल झाली आहे. आम्ही पाइप परत केले, आणि योग्य कागदांसह नवे पाइप यायला सप्टेंबर लागला. पाइप कापताना नंबर असलेला तुकडा बाजूला पडतो, म्हणून कापण्याआधी तो नंबर उरलेल्या भागावरही ठोकून घ्यावा.

याच काळात २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला. आमच्या फॅब्रिकेटरच्या दोन कामगारांच्या घरांत पाणी शिरले होते. त्या आठवड्यात पाइपच्या कामाची चौकशी करण्याचे आम्हालाच प्रशस्त वाटले नाही. ऑक्टोबरात वेल्डिंग पूर्ण होऊन निरीक्षकांसमोर जलदाब चाचणी झाली. चाचणीच्या दिवशी दाबमापकाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हाताशी ठेवावे, ते आधी मागितले जाते. २०२५ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला आहे, तेव्हा कलमांचे आकडे माझ्या लेखावरून न घेता नव्या कायद्यातून पाहून घ्यावेत.

दुसरा कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा. त्यात महिन्याला किती टन उत्पादन करता येईल हे लिहिलेले असते, आणि ती मर्यादा ओलांडायची असेल तर आधी सुधारित संमती घ्यावी लागते. आमचा हेतू हिवाळ्यातले उत्पादन उन्हाळ्याच्या पातळीवर आणण्याचा होता आणि उन्हाळ्याचे उत्पादन मर्यादेत बसत होते, म्हणून वेगळा अर्ज करावा लागला नाही. परंतु वेग वाढवण्याची गुंतवणूक करण्याआधी हा आकडा काढून पाहिलाच पाहिजे.

उभारणी दिवाळीच्या शटडाउनमध्ये झाली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. मशीन दोन दिवस आधी थांबवले आणि बाहेरगावचे कामगार परत येईपर्यंत काम उरकायचे ठरवले. ज्यांनी सण सोडून काम केले त्यांना दुप्पट हजेरी दिली आणि फराळ मिलमध्येच आणला. बॉक्स बसवणे एका दिवसात झाले. वेळ गेला तो पाइपचा उतार नीट करण्यात. वाफेच्या लाइनमध्ये जेथे खोलगट भाग राहतो तेथे पाणी साचते, आणि ते पाणी वाफेच्या झोताबरोबर शीटवर आले तर शीट फाटते. आमच्या कोळशाच्या बॉयलरची वाफ मुळातच थोडी ओली असते. म्हणून क्रम असा ठेवला : आधी सेपरेटर (वाफेतले पाणी वेगळे करणारा) आणि त्याचा ट्रॅप (साचलेले पाणी सोडून वाफ अडवणारा), मग स्ट्रेनर, मग रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, मग कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि बॉक्सच्या अगदी तोंडाशी आणखी एक ट्रॅप. कोरडी वाफ १० किलोवरून अर्ध्या किलोवर आणली की तिचे तापमान त्या दाबाच्या मानाने बरेच जास्त राहते. अशी फार तापलेली वाफ शीटवर लवकर पाणी होत नाही, म्हणजे आपले काम करत नाही. आणि अगदी ओली वाफ ठिबकते. थोडीशीच जास्त तापलेली वाफ उत्तम. आमच्याकडे लांब लाइनमध्ये होणारी घट पुरेशी ठरली, वेगळा डीसुपरहीटर (वाफेचे जादा तापमान उतरवणारे उपकरण) लागला नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाफ सोडली आणि पहिल्याच शिफ्टला ब्रेक सुरू झाले. दर काही मिनिटांनी शीटमध्ये रुपयाएवढा गडद डाग दिसे, तो निपमध्ये चिरडला जाई, आणि तिसऱ्या प्रेसनंतर तेथूनच शीट तुटे. सगळे जण व्हॉल्व्हकडे बोट दाखवत होते. शेवटी मी आणि फोरमनभाऊ टॉर्च घेऊन बॉक्सच्या बाजूला वाकून बसलो. बॉक्सच्या पुढच्या ओठावर, ड्राइव्ह साइडपासून (मशीनच्या मोटरकडच्या बाजूपासून) हातभर अंतरावर एक थेंब जमत होता, हळूहळू फुगत होता, मशीनच्या कंपनाने थरथरत होता आणि मग सुटून शीटवर पडत होता. बॉक्स आत गरम असला तरी बाहेरचा पत्रा थंड होता, आणि आसपासची वाफ त्या पत्र्यावर पाणी होऊन ओठापर्यंत ओघळत होती. ओठाखाली स्टेनलेस स्टीलची बारीक पन्हळ वेल्ड करून तिला एका बाजूला उतार दिला, बाहेरच्या पत्र्यावर इन्सुलेशन चढवले, आणि बॉक्स शीटवर उतरवण्यापूर्वी वर उचललेल्या अवस्थेत पंधरा-वीस मिनिटे वाफ चालवून पूर्ण तापवायचा असा नियम केला. डाग थांबले.

यानंतर छपराचे प्रकरण उभे राहिले. डिसेंबरच्या रात्री प्रेस पार्टवर दाट धुके जमू लागले, ते वरच्या थंड पत्र्याला लागून ठिबकू लागले, आणि हे थेंब बॉक्सच्या थेंबांपेक्षाही अडचणीचे होते कारण ते कोठेही पडत. याला दोन उपाय लागले. पहिला म्हणजे वाफ कमी करणे : व्हॅक्यूम जितकी ओढू शकतो त्याहून जास्त वाफ दिली की ती धुके होते, तेव्हा बॉक्सच्या कडेने वाफ बाहेर पडताना दिसू लागली की व्हॉल्व्ह किंचित मागे घ्यायचा. दुसरा उपाय म्हणजे प्रेसवर जास्तीचा एक्झॉस्ट पंखा. बजेट वाढले ते मुख्यतः या पंख्यामुळे आणि त्याच्या डक्टमुळे. ब्रेक झाल्याबरोबर वाफ बंद होऊन बॉक्स आपोआप वर उचलला जावा यासाठी इंटरलॉक घेतला होताच. तो सुरुवातीला कोणी बायपास करणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागले. शीट नसताना वाफ चालू राहिली तर ती थेट फेल्टवर आणि जवळच्या माणसावर येते.

व्हॅक्यूम पंपाची गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. आमचे पंप पाण्याच्या रिंगचे आहेत. बॉक्समधून ओढली गेलेली गरम हवा आणि वाफ पंपात जाते, सील वॉटर (त्या रिंगसाठी दिले जाणारे पाणी) तापते, आणि ते तापले की व्हॅक्यूम उतरतो. म्हणजे ज्याच्या जोरावर बॉक्स चालतो तेच कमजोर होते. सील वॉटरचे आत येतानाचे आणि बाहेर जातानाचे तापमान आता दर शिफ्टला वहीत लिहिले जाते.

जानेवारी २०२४ पर्यंत गाडी रुळावर आली. दुसऱ्या प्रेसपाशी शीट ५२ ते ५५ अंशांवर जाऊ लागली, शेवटच्या प्रेसनंतरचा कोरडेपणा ४१ वरून ४३ च्या जरा खाली पोहोचला, आणि १४० जीएसएमवर हिवाळ्यातला वेग १६० वरून १७२ च्या आसपास टिकू लागला. बॉक्स तासाला अर्ध्या टनाहून थोडी जास्त वाफ घेतो, आणि एकूण वाफ दर टन कागदामागे तीन टक्क्यांच्या आसपासच घटली. हिशेबात जे दिसले होते ते खरे ठरले : कोळशाच्या बिलात फारसा फरक नाही, रीलवर मात्र आहे. कडांचा ओलावा हा आमचा जुना त्रास. तीनपैकी कडेचे दोन व्हॉल्व्ह जरा जास्त आणि मधला कमी ठेवल्यावर रीलच्या कडा आणि मध्य यांतला फरक पुष्कळ उतरला, आणि पूर्वी कडा सुकवण्यासाठी सगळा कागद जास्त सुकवावा लागे तो अपव्यय थांबला.

शीट ६० अंशांच्या पुढे नेण्याचा मोह आम्ही टाळला. जुन्या खोक्यांच्या रद्दीत चिकटपट्ट्यांचा गोंद, हॉटमेल्ट (वितळवून लावलेला गोंद) आणि मेण असते. हे सारे तापले की मऊ होऊन फेल्टमध्ये रुतते. ५८ अंशांवर चालवले त्या आठवड्यात फेल्ट लवकर भरला आणि धुण्याचे अंतर कमी करावे लागले. कोऱ्या लगद्यावर चालणाऱ्या मिलला ही अडचण येणार नाही, पण रद्दीवर चालणाऱ्यांनी फेल्टचे आयुष्य आधीपासून नोंदवून ठेवावे, आणि फेल्ट पुरवठादाराला बॉक्स बसवण्याआधीच सांगावे.

मे २०२४ मध्ये पाणी आपोआपच गरम होते, त्यामुळे बॉक्सचा परिणाम निम्म्यावर आला आणि सील वॉटर थंड ठेवणे कठीण झाले. आता एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत आम्ही वाफ अगदी कमी ठेवतो, आणि दुपारच्या शिफ्टला बॉक्स वर उचलून बंदच करतो. पैसे फिटण्याचा हिशेब मांडताना वर्षाचे बारा महिने धरू नयेत. आम्ही सात धरले होते, आणि त्या हिशेबाने दुसऱ्या हिवाळ्यात रक्कम वसूल झाली.

देखभालीचे काम थोडे आहे पण चुकवता येत नाही. बॉक्सच्या तोंडाच्या पत्र्यावरील छिद्रांत बारीक तंतू आणि माती बसते, आणि बुजलेल्या छिद्रांखाली शीट थंड राहून रीलवर ओली पट्टी येते. दर शटडाउनला तो पत्रा धुऊन छिद्रे मोकळी करणे, ट्रॅप हात लावून नव्हे तर थर्मामीटरने तपासणे, स्ट्रेनरची जाळी काढून पाहणे आणि उचलण्याच्या सिलिंडरची सील बघणे, एवढी यादी प्रेस पार्टच्या फळ्यावर लिहून ठेवलेली आहे. सिलिंडरच्या सील गरम वाफेत एका वर्षात कडक होतात, त्यांचा एक संच स्टोअरमध्ये कायम ठेवावा.